टिंबाचा र

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाला
माझं टायपिंगचं दुकान.
शेजारी गुळाची वखार,
त्यामुळं कीबोर्डच्या फटीत मुंग्या.

ऑक्टोबर सरता सरता वडणग्याचे तातोबा चौगुले आले,
खोक्यावरचा मजकूर हातानं लिहून.
वहीचं पान, कोपऱ्यात काकवीचा डाग:
चौगुले गुऱ्हाळ. रवा दहा किलोचा. केमिकल नाही.

मी छापून दाखवलं: गुर्हाळ.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"पोरी, ह्या ह च्या डोक्यावर मोळी कुणी दिली?"
"रफार आहे तो, काका."
"आसंल. म्हणून दाखव बघू."
गुर्-हाळ, मी म्हटलं.
जीभ टाळूला आपटली, फरशीवर लाटणं पडावं तशी.
"आता माझं ऐक."
त्यांच्या तोंडात र कधी आला, कधी गेला;
पापणी लवते, तेवढाच.

तातोबा स्वतः गुळव्या.
तीस हंगाम काहिलीपाशी उभे.
उकळता पाक थंड पाण्यात सोडायचा,
गोळी वळायची, परातीवर मारायची
आणि आवाज ऐकायचा.
कच्चा आवाज त्यांना चालत नाही.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
मी तो र शोधत बसले.
मशीनला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो.
र म्हणजे शून्य नऊ तीन शून्य.
त्याचा पाय मोडून पुढं ह ठेवला
की मशीन र ला उचलतं आणि ह च्या डोक्यावर बसवतं.
अडवायचं तर मध्ये एक असं अक्षर घालायचं
ज्याला रुंदी नाही, रूप नाही, उच्चार नाही.
कागदावर ते कुठंच उमटत नाही.
नुसतं र चा हात धरतं:
वर जाऊ नको, इथंच थांब.

दुसरी वाट शेजारच्या घरातून.
शून्य नऊ तीन एक.
हाही र च, पण खाली टिंब.
दक्षिणेतला कडक र लिहायला ठेवलेला,
कानडीनं स्वतः कधीच टाकून दिलेला.
आमच्या ओळीत आला, पाय मोडला,
टिंब गळलं, आणि नुसती कोर उरली.
माझी वहिनी निपाणीची;
महिन्याभरात "न्हवं" म्हणायला लागली होती.

मी टिंबाचा घेतला.
का, ते सांगता येणार नाही.
सकाळी तातोबांनी त्या कोरेवरून बोट फिरवलं,
पाक बघतात तसं.
"हं. आता वाजतंय."

यंदा त्यांचा महिपती आला.
ऊस सगळा कारखान्याला.
म्हातारा आता बसूनच असतो म्हणाला,
जाहिरात करायचीय, जुनी फाइल असंल की.
मी टाइप केलं: गुऱ्हाळ. शोध.
मशीन म्हणालं, काही नाही.
कीबोर्ड बदललाय मध्यंतरी;
हा नवा त्या बिनरुंदीच्या अक्षरानं लिहितो.
चौगुले टाकून शोधलं, फाइल निघाली.
दोन्ही गुऱ्हाळं पडद्यावर शेजारी ठेवली.
डोळे चोळून पाहिलं: एकच शब्द, दोनदा.
मशीनच्या लेखी मात्र
दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

महिपती सांगत गेला, मी लिहीत गेले.
काहील एक, पितळी झाऱ्या
नको, झाऱ्या राहू देत, आई देत न्हाई.
काहील, चरक, दोन साचे. विकणे आहे.
वाचून बघितलं.
अख्ख्या मजकुरात तो र कुठंच लागला नव्हता.

"आणि पत्ता?"
"लिवा की,
चौगुल्यांच्या गुऱ्हाळामागं.
कुणीबी सांगंल."

मी जुन्या फाइलीतून शब्द उचलला,
टिंबासकट,
आणि ओळीच्या शेवटी ठेवला.
कुठला र, त्यानं विचारलं नाही.