अठ्ठावीस नंबर

सानपाड्याच्या हॉलवर सामना साडेसातला.
चार वाजता बारा जर्स्या दोरीवरून काढल्या,
अकरांच्या घड्या घातल्या
आणि अठ्ठावीस नंबर हातात धरून उभा राहिलो.

रणधीर खोचरे, सहा फूट सात इंच,
रिक्षात बसला की गुडघे कानाला लागतात,
सांगून गेलाय: खेळणार नाही.
करार मार्चपर्यंतचा. सही त्याचीच.
पेन माझं होतं, अजून परत दिलेलं नाही.

मालक म्हणाले, पोट बिघडलंय म्हणून सांगा.
कोच म्हणाले, पाठ.
आणि हा बाबा अडीचशेचं तिकीट काढून
वरच्या रांगेत येऊन बसला,
चपला घालून.

वसईचा एल्टन डाबरे सरावात पडला, गुडघा गेला.
करारात शब्द होता 'सामन्यादरम्यान'.
ऑपरेशनचं बिल त्या एका शब्दापाशी
महिनाभर अडून आहे.
रणधीरचं म्हणणं एवढंच,
तो पडला तेव्हा पास मी दिला होता.

माझा बाप तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
एकदा सगळ्या टोळ्यांनी पाठ काढून घेतली.
ट्रकांची रांग पार हायवेपर्यंत,
सहाव्या दिवशी पोत्यातून कोंब डोकवायला लागले.
बाप घरात पाय पसरून बसलेला
मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला,
केवढा उंच होता.

माझ्याकडे कागद नाही.
सामन्याला सहाशे, धुलाई वेगळी.
मी आलो नाही तर त्याला कुणी नकार म्हणणार नाही,
खाडा म्हणतील.

तिसऱ्या क्वार्टरला एकोणीसनं मागे.
खालून कुणीतरी ओरडलं, ए खोचरे, पैसे खाल्लेस ना, उतर की!
त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.
बॉल रिंगवरून उडाला
की खांदे आपोआप वर जायचे,
मग तो त्यांना खाली आणायचा.

हरलो.
रात्री अकरा जर्स्या बादलीत,
घामानं जड.
बारावी कोरडी, सकाळच्या साबणाचा वास तसाच.
तीही बुडवली.
धुलाई नगावर मिळते.
वहीत बारा लिहिले.