तळहाताएवढी जमीन

डॉक्टर भोइटे बाई सातला आल्या,
माझं शटर अजून अर्ध्यावर.
गाडी पिवळी, दोनच माणसांची,
पोट जमिनीला लागेल इतकी खाली.
गोडोलीचं आमचं कुत्रं बॉनेटवरून
आरामात पलीकडं बघत होतं.

"यवतेश्वरच्या घाटात ही माझं ऐकत नाही," म्हणाल्या.
"मी स्टेअरिंग वळवते, ही सरळच निघते
दरीकडं.
जणू तिकडं हिचं कुणी ओळखीचं राहतं."

मी टायरवरून हात फिरवला.
बाहेरून आत, गुळगुळीत.
आतून बाहेर, करवत.
मांजर उलटं कुरवाळल्यासारखं.
टायर बोलतो तो असा,
ऐकायला कान लागत नाही, तळवा लागतो.

लेकानं बसवलेले, वाढदिवसाची भेट.
रुंद, काळेकुळकुळीत, फोटोत भारी,
आणि शाळेच्या पाटीसारखे कडक.
पंपावरच्या पोरानं हवा मारलेली अडतीस,
"मोठा टायर हाय म्हणून जरा जादा."

बाई, म्हटलं, एवढं इंजिन, एवढा आवाज,
रस्त्याला टेकतं किती?
चार तळहात. बास.
त्यातले पुढचे दोन तुम्ही फुगवून
बोटांवर उभे केलेत.

त्या भूल देणाऱ्या डॉक्टर.
जरा थांबून म्हणाल्या,
"आमच्याकडंही डोस वजनावर असतो,
पेशंटच्या रुबाबावर नाही."

वडील वडूजला बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे.
गोवऱ्यांच्या जाळात कडं लाल व्हायचं,
चिमट्यांनी उचलून चाकावर, मग घागरीनं पाणी,
आणि वाफेच्या आत
आरे कडकड करत एकमेकांना धरायचे.
सैल धाव वाटेत निसटते, घट्ट धाव आरे मोडते.
आणि चाक थोडं कललेलंच ठेवायचे.
"ताठ चाक दिसायला झ्याक,
पर बैल वळला की पयलं तेच मोडतंय."
कॅम्बर हा शब्द त्यांनी कधी ऐकला नाही.

दुपारपर्यंत गाडी रॅकवर.
अरुंद टायर घातले, मऊ रबराचे.
(बाईंचं तोंड जरा पडलं.)
पुढची चाकं वरून दीड अंश आत झुकवली.
त्यांची बोटं सरळ,
मागच्यांची किंचित आत,
सासरी पहिल्यांदा बसलेल्या जावयासारखी.
हवा तीस. कडेला खडूच्या रेघा.

समर्थ मंदिर मागं पडलं. चढ लागला.
मी शेजारी, गुडघे छातीशी.
पहिलं वळण, काही नाही.
दुसऱ्याला बाईंनी ओठ आत घेतला.
तिसऱ्याला गाडीनं नाक आत घातलं
इतक्या निमूटपणे
की आम्ही दोघंही गप्प झालो.
खाली सातारा, आडवा, उन्हात वाळत घातलेला.

चौथ्याला मागची बाजू हलली.
थोडीशीच. पण हलली.
"आता ऐकते," बाई म्हणाल्या,
"पण मी बोलायच्या आधीच!"

पठारावर थांबलो. टायर गरम, हवा चौतीस.
पुढच्या खडूच्या रेघा बरोबर खुणेपर्यंत पुसलेल्या,
मागच्या खूण ओलांडून पुढं.
म्हणजे मागं चूक माझी.
बायकोच्या घरचं लग्न असल्यासारखा
मी मागच्या चाकांशी वाकून बसलो,
कुठं दोन टिचक्या हवा सोडली, कुठं भरली,
पुन्हा खाली, पुन्हा वर.
पाच फेऱ्या.
बाईंनी डबा उघडला, थालीपीठ, लोणचं.
माझे हात काळे, म्हणून तुकडा पानावर ठेवला.

सहाव्या फेरीला त्या स्टेअरिंगवरची पकड
सोडून बसल्या. नुसती बोटं टेकलेली,
नाडी बघतात तशी.

लेकाचा रात्री फोन :
"काका, सायकलची चाकं लावलीत का हो?"
मी म्हटलं, ये एकदा आईबरोबर. पुढं बस.

ते रुंद टायर अजून दुकानातच आहेत.
एकात कुत्रं झोपतं.
फोटोत भारी दिसतं.