विमान जाईपर्यंत

कोळेकल्याणात, चर्चमागच्या आमच्या शाळेत
कुठलंच वाक्य एका दमात पुरं होत नाही.
दर तीन-चार मिनिटांनी कौलांवरून विमान जातं.
'आणि म्हणून राजा प्रधानाला...'
राजा थांबतो,
खडू फळ्यावर थांबतो,
अडतीस मुलं तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबतात.
मग आवाज सहारच्या बाजूला उतरतो
आणि राजा जे काय म्हणायचं ते म्हणतो.
नव्या बाईंना हे जमायला वर्ष जातं.
मी आता घरीही मध्येच गप्प होते,
नवऱ्याला वाटतं रागावले.

शाळा सुटली की दुसरी शाळा भरते.
सिस्टर युलालियांनी यंदा यादी वाढवली:
व्हायोलिन, रोबोट, बुद्धिबळ, पब्लिक स्पीकिंग.
वक्तृत्व म्हणा की, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, मग कोण पैसे भरेल?
फलकावर सोनेरी कागद, वेलबुट्टी.
त्याखाली साध्या कागदावर एक ओळ,
'मंगळवार, गुरुवार: जादा वर्ग, गरजूंसाठी.'
ती ओळ माझी.

हॉल एकच.
मधोमध नाताळच्या गोठ्याचं कपाट,
त्यात वर्षभर भुश्शात झोपलेल्या मेंढ्या,
तीन राजे, एकाला हात नाही.
कपाटाच्या पलीकडे ब्राझ सर,
हनुवटीखाली रुमाल, आठ व्हायोलिनं,
आठ दारांच्या बिजागऱ्या एकदम करकराव्यात तशी.
अलीकडे आम्ही सात जण आणि सातचा पाढा.
वर्गात ती मुलं इंग्रजीत अडखळतात,
म्हणून मी इथे माझ्या आजोळचा पाढा काढते:
साता पाचा पस्तीस,
साती सक बेचाळीस,
साती साती एकोणपन्नास,
साती आठी...
आणि विमान.

सुमेध खिल्लारे या फटीत राहतो.
बाप विमानतळावर सामान चढवतो, रात्रपाळी.
सुमेधला साती आठी कधीच येत नाही,
पण वर न बघता सांगतो, दोन इंजिनवालं, भरलेलं.
परत येताना रिकामं असेल.
तुला कसं कळतं रे?
'आवाज वाकतो, बाई.'

एका गुरुवारी तो कपाटाला कान लावून उभा दिसला.
पलीकडे ब्राझ सर ओरडत होते,
वाजवू नका तेव्हाही मोजा!
गप्प बसणंही लिहिलेलं असतं, ही बघा खूण!
सुमेधची बोटं चड्डीच्या शिवणीवर
एक, दोन, तीन, चार मोजत होती.
पलीकडची मुलं एक मात्रा आधीच घुसली.
तो हसला. कुणाला दिसेल असं नाही.

मी सिस्टरांकडे गेले.
महिन्याला साडेआठशे, वर व्हायोलिनचं भाडं.
त्यांनी डोळे चोळले, वही उघडून दाखवली,
फीमाफीच्या तीन जागा, तीन नावं,
तिन्ही घरं मला ठाऊक होती.
एकही खोडावंसं वाटेना.
'पुढच्या वर्षी बघू, सुनंदा टीचर.'
पुढच्या वर्षी मी निवृत्त.
हे दोघींनाही आठवलं, दोघी बोललो नाही.
तेवढ्यात विमान आलं ते बरं झालं.

मार्चमध्ये प्रगतिपुस्तकं.
गणित: प्रयत्न हवेत.
उपक्रमातील सहभाग: आहे, नाही. योग्य तिथे खूण करा.
मी खूण केली नाही,
त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, 'ऐकतो.'
सिस्टरांनी पुस्तक परत पाठवलं,
पेन्सिलीने लिहून, असा रकाना नाही.
पेन्सिलीने लिहिलं होतं. खोडरबर माझ्याकडे होता.

आज शेवटचा मंगळवार.
कपाट जरासं सरकवलंय,
झाडूवाल्या मार्सेलीनला सांगितलं, मागे उंदीर आहे.
वीतभर फट. त्यातून एक कोपर दिसतं, वरखाली होणारं.
सुमेध, चल, साती आठी?
तो बोट वर करतो, थांबा.
मला अजून काहीच ऐकू येत नाही.
सातही जण थांबतात.
मीसुद्धा.