सव्वा एकोणीस

आठवडाभर मी हवा भरतो.
तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर, मागच्या गेटापाशी,
कंटेनरच्या बावीस-बावीस चाकांत
एकशे दहा, एकशे वीस.
कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि ड्रायव्हर म्हणतो,
अजून मार उस्ताद, माल जास्त आहे.
कमी मार, असं
चौदा वर्षांत एकानेही म्हटलेलं नाही.

रविवारी मी हवा काढतो.

उलव्यात, जिथे सेक्टरला आकडा मिळालाय पण इमारत नाही,
तिथला रस्ता सकाळी सहा ते दहा बंद करून देतात.
शिक्क्याचं पत्र, एक अँब्युलन्स, दोन्ही कडेला वाळूच्या गोण्या.
चारशे मीटर. सरळ.
माझी भाची सन्मिता घरत, वजन सत्तेचाळीस,
आणि तिची जुनी टू-स्ट्रोक, जिचं वजन
आम्ही थोडं थोडं चोरत आणलंय:
आरसे, स्टँड, मागची सीट,
शेवटी हॉर्नसुद्धा.

पहिल्या रनला तिच्या हट्टापायी अठ्ठावीस ठेवली.
हिरवा दिवा लागला, क्लच सुटला
आणि चाक जागच्या जागी गरागरा.
धूर झकास आला. लोकांनी टाळ्या दिल्या.
शेजारच्या लेनमधला कामोठ्याचा पोरगा तोवर
निम्म्या वाटेवर.

मी टायरवरून बोट फिरवलं.
मधोमध काळाभोर, तापलेला,
दोन्ही कडा कोऱ्या, रबराचे केससुद्धा शाबूत.
म्हणजे एवढ्या टायरातला
अंगठ्याएवढाच पट्टा रस्त्याला लागलेला,
बाकीचा नुसता बघायला आलेला,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा.

खडू काढला. आडवी रेघ मारली,
दहा पावलं गाडी ढकलली,
रेघ कुठे पुसली, कुठे राहिली ते बघितलं.
पिन दाबली.
फुस्स.
पंचवीस. परत खडू.
फुस्स. बावीस.
"मामा, अजून कवरी हवा कारशील? बसल ना टायर!"
बसू दे. बसल्याशिवाय रस्ता धरायचा कसा,
असं काहीतरी भारी बोलावंसं वाटलं,
पण दातांत व्हॉल्वचं टोपण होतं.

सतरावर गाडी सुटली ती अशी
की पुढचं चाक वीतभर वर.
पहिल्या साठ फुटांचा आकडा बघून मीच शिट्टी मारली.
पण तीनशे मीटरच्या पुढे
शेपटी हलायला लागली,
आधी जराशी,
मग जाळ्यात आलेल्या माशासारखी.
ती परत आली, हेल्मेट काढलं, बोलली नाही.
पाण्याची बाटली उघडताना
तिच्या हातातून झाकण दोनदा पडलं.
मी ते उचललं, आणि तेव्हा कळलं
दोन पौंड हवा म्हणजे किती असते.

मग भरली. पायपंपाने, थांबून थांबून.
अठरा. एकोणीस.
ऊन चढत होतं. रबर तापलं
की आतली हवा आपसूक फुगते,
तो हिशेब धरून आणखी पाव.
सव्वा एकोणीस.
वहीत लिहिलं: तारीख, वेळ,
खाडीवरून वारा, डावी लेन, धूळ झाडलेली,
पोरगी उपाशी.
पुढच्या रविवारी हा आकडा चुकीचा असेल.
तरी खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटची रन ती हरली.
तीन शतांश सेकंदांनी; एवढ्यात
माणसाची पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.
पण गाडी शेवटपर्यंत दोरी ओढल्यासारखी गेली,
आणि परत येताना ती
एका हाताने चालवत होती, दुसऱ्या हाताने केस सोडवत.

कामोठ्याचा पोरगा आला. आधी टायरकडे बघितलं,
उकिडवा बसून अंगठ्याने दाबून बघितला,
मग माझ्याकडे वळला.
"काका, किती ठेवली होती?"
मी गेज पुसून खिशात टाकला.
"तुझं वजन किती?"
आणि तिकडून सन्मिता ओरडली,
"मामा! त्याला नको सांगूस!"