आणीबाणीत कोणाला कळवावे

जानेवारीत डुलुथचं सरोवर कडेकडेनं गोठतं,
मधलं पाणी मात्र वाफाळत राहतं, चुलीवर विसरल्यासारखं.
माझी ड्यूटी रात्रीची:
बर्फ ढकलायची गाडी, टेकडीवरचे चौदा रस्ते,
आणि सकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर
काइसाचे कागद.

सहा महिने डाकारला. सेनेगल.
नकाशावर बोट ठेवून मी म्हणालो होतो,
"पाण्याकाठी आहे. बरं आहे."
एवढंच सुचलं.

पीतज्वराच्या लशीसाठी
अडीच तास गाडी हाकत मिनियापोलिसला गेलो.
सुई तिला टोचली, भोवळ मला आली.
नर्सनं संत्र्याचा रस माझ्याच हातात दिला.
अर्ध्या वाटेपर्यंत काइसा हसत होती,
मग दंड चोळत हळूच म्हणाली,
"बाबा, तिथं मी आजारी पडले तर?"
मी वायपर लावले.
काच कोरडी होती.

लोकरीचे मोजे मी बॅगेत ठेवतो, ती काढते.
तिथं ऊन असतं, ती सांगते.
विमानात गारठा असतो, मी सांगतो.
पन्नास पौंडांच्या वर एक औंस चालत नाही म्हणे.
न्हाणीघरातल्या काट्यावर मी बॅग कवटाळून उभा राहतो,
मग नुसताच.
मधला फरक म्हणजे तिचे सहा महिने.
वजाबाकी मला शाळेत कधी जमली नव्हती.

कॉलेजच्या अर्जात एका जागी घोडं अडलं.
आणीबाणीत कोणाला कळवावे: दोन ओळी.
पहिलीत लिहिलं, वेन निएमी, वडील, मोबाईल.
दुसरीवर पेन टेकवून बसलो.
शाईचा ठिपका पसरत गेला.
पूर्वी तिथं एक नाव यायचं, न विचारता, न आठवता.
शेवटी लिहिलं, वेन निएमी, वडील, घरचा फोन.
काइसानं वाचलं, काही बोलली नाही,
उठून माझ्या कपात कॉफी ओतली. कप भरलेलाच होता.

विमानतळाच्या वाटेवर तिनं मला वोलोफ शिकवलं.
"नांगा देफ?" म्हणजे, कसा आहेस?
उत्तर द्यायचं, "मांगी फी."
शब्दशः, मी इथे आहे.
"कसा आहेस विचारलं तर इथे आहे?
हे काय उत्तर झालं?"
"तसंच म्हणतात, बाबा."
तिनं चारदा म्हणवून घेतलं. चारही वेळा चुकलं.

परत आलो तर मोजे तिच्या उशीवर,
नीट घडी घालून.
तीन जोड. मी चार आणले होते.

नवव्या दिवशी, मी बूट काढत असताना, घरचा फोन वाजला.
तिकडे भर दुपार, हॉर्न, कुणा बाईचं मोठ्यानं हसणं,
आणि त्यातून तिचा आवाज:
"नांगा देफ?"

अख्खी रात्र गाडीत घोकलेलं
ऐन वेळी जिभेवरून उतरलं.
मी म्हणालो, "उणे एकोणीस.
रस्ते मोकळे आहेत."