कोळशावरचं बिऱ्हाड

काटोल रोडचा आंबा पाडला त्या दिवशी
फांदीसकट घरी आणलं हे.
वरून रेवतकर काकू म्हणाल्या,
"बांडगूळ हाये ते, फेकून दे बाप्पा."

झाडाचं काही पीत नाही हो हे, काकू.
बसायला जागा घेतं फक्त.
(तुमच्या खालच्या खोलीत सात वर्षं
मीही किरायानंच आहे, हे बोलले नाही.)

इस्त्रीवाल्या कनोजियानं विझलेले कोळसे दिले,
देवळातून नारळाच्या शेंड्या.
कूलरची ओली हवा बाहेर पडते
त्या खिडकीत तारेनं टांगलं.

मे. सेहेचाळीस. हिरवी जाळी, भिजलं पोतं,
तीनदा फवारा.
चांदीची मुळं पाणी लागताच हिरवी होत,
वाळली की पुन्हा चांदी.
त्या रंगावर माझं घड्याळ.

ऑगस्ट त्याहून अवघड.
अंबाझरी सांडतो, भिंती घामेजतात, चपला बुरसतात,
आणि करायचं असतं एवढंच:
हात आवरायचा.
मला नाही जमलं.
एक मूळ चिमटीत आलं, साल निघून नुसता दोरा.
दालचिनीची पूड लावली. गप्प बसले.

यंदा एक दांडा.
तपकिरी, चौकड्यांच्या लुंगीसारख्या पाकळ्या,
जीभ तेवढी जांभळी.

कनोजिया कपडे न्यायला आला,
गठ्ठा काखेत तसाच.
"हे आमच्या कोळशावर?"
नाक जवळ नेलं, बराच वेळ.
मग विचारलं,
अजून लागंल का कोळसा.