सातास तीन

रायबंदरच्या धक्क्यावर स्कूटर चढवली तेव्हा
फेरीत जागा उरली होती माझ्या पुढच्या चाकापुरती.
पिशवीत राउटर, केबली, क्रिंपर,
आणि मलारच्या घराची खूण: निळी खिडकी, तुटका सोपो.

प्रुदेंसियो बाबानं तीस वर्षं फेरीचं सुकाणू धरलं,
आता गुडघा धरून बसतो.
मुलगी जेरुझा रात्रभर जागते.
दूरच्या कुठल्याशा देशात कुणी जिन्यावरून पडतं
आणि त्याच्या कवटीचं चित्र हिच्या पडद्यावर उतरतं.
ही सांगते, रक्त आहे की नुसती सावली.
परवा एक कवटी नाकापर्यंत उतरली
आणि लाइन गेली.

म्हणून दोन लाइनी.
एक फायबर, माडांच्या झावळ्या चुकवत खांबाखांबानं आलेली,
दुसरी टॉवरची, कौलांवरच्या डबीतून.
पहिलीला वजन सात, दुसरीला तीन.
दहा आले तर सात इकडून सोड,
तीन तिकडून.

बाबानं खुर्ची ओढली.
"म्हणजे दोन्ही मिळून एकच रुंद वाट?"
नाही बाबा, वाटा दोनच राहतात.
जे निघालं ते एकीनंच जातं,
फक्त धक्क्यावरची रांग कमी होते.
तो गुडघा चोळत हसला.
"खरें मरे. एक गाडी दोन फेरींनी कशी चडटली?"
चार वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच समजावतोय,
इतकं थोडक्यात एकदाही जमलं नाही.

मग बँक अडली.
जेरुझाचा पासवर्ड गेला फायबरनं,
मागोमागचा क्लिक टॉवरनं,
आणि बँकेनं विचारलं, आपण कोण?
तीनदा आत, तीनदा बाहेर.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की चहा आला तोही गार लागला.
नवा नियम लिहिला:
ज्या वाटेनं बोलणं सुरू झालं
त्याच वाटेनं ते संपू दे.

उरली परीक्षा.
राउटरची केबल उपटणं सोपं. दिवा विझतो, त्याला कळतं.
मी मोडेमच्या मागची काचेची बारीक तार काढली.
दिवा हिरवाच.
राउटर आपला दहातले सात त्याच वाटेनं धाडतोय
आणि ते धक्क्यावरून सरळ पाण्यात.
म्हणून त्याला हाक मारायला शिकवायचं:
दर पाच सेकंदांनी पलीकडे विचार, आहेस?
तीनदा उत्तर आलं नाही
तर ती वाट मेली समज, दिवा काहीही म्हणो.

बाबा बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होता.
"धुक्यात पलीकडचा दिवा दिसायचा," म्हणाला,
"पण दिव्याचा विश्वास आम्ही कधी धरला नाही.
भोंगा द्यायचो. मग गप्प राहून ऐकायचो."

पैसे घेतले, पावती दिली.
फेरी अजून नार्व्याच्या बाजूची नाही, रायबंदरचीच, आणि ती समोरच्या काठाला.
खिशातला फोन काढला.
आम्हीही वजनं वाटून घेतली आहेत, मी आणि थोरला:
पैसे त्याचे, कुवेतहून;
रविवार माझे, म्हापशाहून डिचोलीला.
आईच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो.
त्या ठिपक्याच्या भरवशावर
माझे तीन रविवार गेले.

पहिली रिंग पूर्ण वाजली.
दुसरीही.
चिखलात एक बगळा एका पायावर उभा होता,
दुसरा पाय त्यानं कशासाठी राखून ठेवला होता कोण जाणे.

तिसरीला आवाज आला,
"थांब रे, दूध उतू जातंय,"
आणि फोन तसाच ठेवून ती गेली.
मी कानाशी धरून उभा.
भांड्यावर चमचा, नळ, दूरवर कुणाचा तरी टीव्ही.
फेरी लागली, लोक चढले,
मागच्यानं हॉर्न दिला.
लाइन चालू होती.
मी एका हातानं स्कूटर ढकलली.